टिडवेलांच्या टेकडीवरचं गवत

कल्पना करा, तुम्हाला एक शिळा सरळ उभी करायची आहे. पांढरी, संगमरवरी, वजनाला धडधाकट माणसापेक्षा जड, आणि निम्म्याहून थोडी कमी जमिनीत गाडलेली. ती डावीकडे कलली आहे. तुम्ही दोघं आहात. आधी भोवतालचं गवत चौकोनात कापून अलगद बाजूला ठेवायचं, कारण तेच परत लावायचं आहे. मग माती काढायची, पण फार खोल जायचं नाही, कारण खाली माणूस आहे. शिळेला मिठी मारल्यासारखं धरून हलवायचं, तळाला खडी घालायची, पहारीच्या टोकाने ती ठोकून घट्ट करायची, पाणसळ लावून बुडबुडा मधोमध आणायचा. शेवटी रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या दोरीला डोळा लावून बघायचं. शिळा दोरीला नुसती शिवली पाहिजे, दोरी ढकलली जाता कामा नये. जमलं? आता मागे वळून बघा. सकाळी सरळ केलेली शिळा उजवीकडे कलली आहे. आणि तुमच्या पाठीशी अर्ध्या चड्डीतला एक गृहस्थ कधीचा उभा आहे. तो विचारतो, "बाई, इथे बाथरूम कुठेय हो?"

टेनेसीतल्या टर्कीपेन क्रीकच्या रणभूमीवर नेल्डा टिडवेल वीसेक वर्षं हे काम करत होती. वय अठ्ठावन्न, केस मागे करकचून बांधलेले, कमरेला पाणसळ, आणि चेहऱ्यावर कुणीतरी आत्ताच काहीतरी मूर्खासारखं बोलल्याचा भाव. बहुतेक वेळा कुणीतरी खरंच बोललेलं असे. सैनिकांच्या दफनभूमीत अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढलेले चार हजारांच्या आसपास लोक होते, आणि त्यांतल्या अर्ध्याहून जास्तांची नावं कुणालाच माहीत नव्हती. त्यांना मोठी शिळा नव्हती. जमिनीतून वीतभर वर आलेला एक चौकोनी दगड, त्यावर एक आकडा. एवढंच. हे दगड गवत कापायच्या यंत्राच्या पात्यात सर्वांत जास्त यायचे. मग नेल्डा यंत्र बंद करायची, खाली वाकायची, दगडाचा उडालेला टवका बघायची आणि त्या आकड्याची माफी मागायची. ती अशी: "तुझीही चूक आहे. जरा उंच उभा राहिला असतास तर?"

तिच्या जोडीला ड्वेन सग्ज होता. तो तिच्या नात्यातला कुणीतरी होता. त्या भागात सगळेच सगळ्यांचे कुणीतरी लागतात. ड्वेनला नाही म्हणता येत नसे, आणि हो म्हटलेलं लक्षात राहत नसे.

वर्षभर नेल्डाचं मुख्य भांडण गवताशी. जमीन चिकणमातीची, उन्हाळा भाजणारा. तरी मेलेल्यांच्या अंगावर हिरवळ हवी, असा नियम. बी पेरा, पाणी घाला, बादली ओतल्यासारखा पाऊस पडला की तो धुवून नेईल, परत पेरा. प्लास्टिकची फुलं ठेवायची नाहीत, शिंपले ठेवायचे नाहीत, खेळणी तर नाहीतच. मातीचा एक तुकडाही उघडा दिसला तरी अधीक्षक विचारणार, "नेल्डा, तिथे काही झालंय का?"

आणि मे महिन्याचा दुसरा रविवार आला, की हीच नेल्डा रणभूमीच्या पलीकडच्या टेकडीवर जाऊन स्वतःच्या माणसांच्या कबरींवरचं गवत मुळासकट उपटायची.

ती टेकडी एके काळी टिडवेलांची होती. सरकारने रणभूमी जपायची ठरवली तेव्हा घर गेलं, शेत गेलं, देवदारांखालच्या कबरी तेवढ्या राहिल्या. तिथे त्या डोंगराळ मुलखात करतात तसंच डेकोरेशन व्हायचं, म्हणजे कबरी सजवायचा दिवस. सगळं गणगोत जमायचं, लांब दांड्याच्या खोऱ्यांनी कबरी खरवडायचं, गवताची काडी शिल्लक ठेवायची नाही, माती ओढून प्रत्येकावर लांबट ढीग करायचा, झाडूने सारखा करायचा, वर नदीतले शिंपले आणि फुलं. मग तिथेच फळ्यांची टेबलं मांडून तळलेलं चिकन, मसाला भरलेली अंडी, केळ्याचं पुडिंग आणि गोड चहा. कबरीवर गवत उगवलेलं दिसणं म्हणजे या माणसाचं मागे कुणी उरलं नाही, असा त्याचा अर्थ. नेल्डाची आत्या झेला, वय अठ्ठ्याऐंशी, सैनिकांच्या दफनभूमीवरून जाताना दर वेळी ट्रकच्या खिडकीतून तोंड वाकडं करायची. "बघ गं, बिचाऱ्यांवर किती गवत माजलंय."

"आत्या, ते मी लावलंय. मला त्याचाच पगार मिळतो."

"मिळू दे बाई. मी काही बोलले का?"

त्या वर्षी डेकोरेशनच्या आधीच्या सोमवारी नेल्डा आत्याला घेऊन टेकडीवर गेली. किती खोरी लागतील, टेबलं कुठे लावायची, ते बघायला. झेला काठी टेकत देवदारांपर्यंत गेली आणि थांबली. तोंडाने हाक मारायची सोडून तिने काठी हवेत हलवली. हे फार कमी वेळा व्हायचं, म्हणून नेल्डा धावत गेली.

टेकडीवर हिरवळ होती. दाट, मऊ, कडेला नीट कापलेली, एका ढिगावरून दुसऱ्यावर अंथरलेली. टिडवेलांच्या सगळ्या पिढ्या गालिच्याखाली गेल्या होत्या.

"नेल्डा."

"आत्या, मी नाही."

"माझा बाप आहे तिथे. माझी आई आहे. बाळ आहे." झेलाने काठीचं टोक कडेच्या एका छोट्या उंचवट्यावर टेकवलं. हातभर लांबीचा तो ढीग तिच्या पणजीच्या, केझायाच्या, पहिल्या मुलाचा. नाव ठेवायच्या आधीच गेलेलं ते मूल. घरात सगळे त्याला बाळच म्हणत. दर वर्षी सर्वांत मोठे शिंपले त्याच्या वाट्याला. "कुठल्या मेल्याने हे केलं? माणसं काय म्हणतील? टिडवेल संपले?"

"मी बघते."

"काय बघतेस? उपट!"

नेल्डाला ते गवत ओळखीचं वाटत होतं. वाटणारच. मार्चमध्ये दफनभूमीसाठी गवताच्या तयार वळकट्या आल्या होत्या, ते तिनेच मागवलेलं वाण होतं.

यंत्रांच्या शेडमध्ये ड्वेन पातं घासत बसला होता.

"ड्वेन, उरलेल्या वळकट्या कुठे गेल्या?"

"कुठल्या?"

"हिरव्या."

ड्वेनने पातं फारच मन लावून घासायला घेतलं. "ते ओहायोचे लोक आले होते ना एप्रिलमध्ये? सगळे एकसारखे टी-शर्ट घालून? त्यांचे खापरपणजोबा इथे लढले म्हणून सेवा करायला आले होते. त्यांचं काम अकरालाच संपलं. अजून काही काम द्या म्हणाले. आता एवढ्या लांबून आलेत, नाही कसं म्हणायचं?"

"मग?"

"म्हटलं, वळकट्या घ्या आणि जिथे उघडी माती दिसेल तिथे टाका."

"जिथे उघडी माती दिसेल तिथे."

"मला काय माहीत ते टेकडी चढतील? तिथे कुणी जात नाही! एक बाई तर रडत होती गं परत येताना. म्हणाली, या बिचाऱ्यांकडे कुणी बघतच नव्हतं, आम्ही चार अश्रू आणि थोडी हिरवळ देऊन आलो."

नेल्डा खडीच्या पोत्यावर बसली. तिला त्या बाईवर ओरडायचं होतं, पण ती ओहायोत होती. ड्वेनवर ओरडण्यात काही हशील नव्हतं.

इथपर्यंत गोष्ट सुधारण्यासारखी होती. मुळं अजून खोल गेली नव्हती. दोन माणसं आणि एक ट्रक, सकाळभरात सगळं गुंडाळून आणता आलं असतं. पण नेल्डाने एक चूक केली. तिने परवानगी मागितली.

अधीक्षक कोल्बी रेनर नेवाडाच्या वाळवंटातून बदली होऊन आला होता. तरुण, सज्जन, आणि हिरवं दिसलं की मनापासून खूश होणारा. नेल्डाचं बोलणं त्याने पूर्ण ऐकून घेतलं. तिच्या मते हीच वाईट खूण होती.

"म्हणजे तुम्हाला गवत काढायचंय?"

"हो."

"कबरींवरचं."

"हो."

"आणि मग माती खरवडायची. खोऱ्याने. रणभूमीच्या हद्दीत."

"साहेब, आम्ही दर वर्षी करतो. माझ्या आजोबांच्या आधीपासून करतोय."

"दर वर्षी?" रेनरने चष्मा काढला. "हे मला कुणीच सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"नेल्डा, इथे माती हलवायची तर पुरातत्त्वाचा माणूस हजर लागतो. फलक लावायला एक खांब पुरायचा होता, तर मी अडीच महिने थांबलो होतो."

"मग ते गवत टाकलं तेव्हा कोण हजर होतं?"

"ते वरून टाकलं. त्यात माती हलली नाही. काढताना हलेल."

"म्हणजे कुणीही यावं, आमच्या मेलेल्यांवर काहीही पसरून जावं, त्याला नियम नाही. आणि आम्ही उचललं की नियम?"

रेनरने प्रामाणिकपणे विचार केला. "तसं बघितलं तर, हो," तो म्हणाला. मग त्याने तिला बरं वाटावं म्हणून जे केलं त्यानेच सगळा घोळ झाला. शेजारच्या राज्यात एका कामावर असलेल्या पुरातत्त्वाच्या बाईंना त्याने फोन लावला. "शुक्रवारी येतील. आणि येताना यंत्र आणतील, म्हणजे एकदाच सगळं तपासून घेऊ. पुढे दर वर्षी तुम्हाला कुणाची अडचण नको."

"मला आत्ताही कुणाची अडचण नव्हती," नेल्डा म्हणाली. पण ते दार लावून घेतल्यावर.

"तू विचारायला गेलीस?" झेलाने ऐकलं तेव्हा तिचा विश्वासच बसेना. "तुझ्या बापाने आयुष्यात सरकारला काही विचारलं नाही!"

"आत्या, माझी नोकरी आहे तिथे."

"म्हणून म्हणते. नोकरी आहे तर गप्प कसं राहायचं ते कळायला हवं."

शुक्रवारी ज्युडिथ ब्रॉकवे आल्या. साठीच्या, उन्हाने रापलेल्या, कमी बोलणाऱ्या. आल्याआल्या त्यांनी झेलाला आधी नमस्कार केला आणि मग रेनरला, त्यामुळे झेलाचं त्यांच्याबद्दल वाईट मत होता होता राहिलं. त्यांचं यंत्र तीन चाकांचं होतं, ढकलायचं, वर टीव्हीसारखा छोटा पडदा. झेला घडीच्या खुर्चीवर बसून बघत होती.

"ही बाबागाडी कशाला?"

"हे खाली लहरी पाठवतं, आजी," ब्रॉकवे म्हणाल्या. "माती एकदा खणली की आजूबाजूच्या मातीसारखी परत कधीच बसत नाही, शंभर-दीडशे वर्षं गेली तरी. तिथून लहर वेगळी परत येते. खड्डा कुठे आहे तेवढं कळतं. आत कोण आहे ते नाही."

"आत कोण आहे ते मला विचारा ना. मी सांगते. पहिला माझा बाप."

आणि तिने खरंच सांगितलं. ब्रॉकवे गाडी ढकलत एका ढिगाजवळ पोहोचल्या की झेला खुर्चीतून नाव पुकारायची. वर स्वभावही सांगायची. "हा क्लीटस काका, दारुडा, पण गळा गोड होता. ही पर्ल, हिने माझी चांदीची फणी घेतली ती परत दिलीच नाही." ब्रॉकवे मान हलवायच्या, पडद्याकडे बघायच्या, पुढे जायच्या. सगळं जुळत होतं. रेनर समाधानाने मातीत बुटाचं टोक फिरवत उभा होता, आणि नेल्डाला पहिल्यांदाच वाटलं की दुपारपर्यंत हे आटपेल.

शेवटी बाळ.

ब्रॉकवेंनी गाडी त्या छोट्या उंचवट्यावरून नेली. थांबल्या. परत नेली. मग आडवी नेली. मग ढिगाच्या पुढे, जिथे नुसतंच सपाट होतं, तिथेही नेली, आणि हातातल्या दोन छोट्या निशाण्यांपैकी एक ढिगाच्या टोकाला न रोवता चांगली दोन पावलं पुढे जाऊन रोवली. दुसरी मागे, ढिगाच्या उशाशी रोवली.

दोन निशाण्यांमधलं अंतर नेल्डाला मोजावं लागलं नाही. रोज ती तेवढ्याच लांबीच्या जमिनीवरून गवत कापत असे.

"हा लहान मुलाचा खड्डा नाही," ब्रॉकवे म्हणाल्या.

"बाळच आहे ते," झेला म्हणाली.

"असेल आजी. पण खड्डा मोठ्या माणसाचा आहे."

रेनरचा बूट फिरायचा थांबला. "इथून लढाईची फळी किती लांब होती?"

ते सगळ्यांना माहीत होतं. ओढ्यापलीकडच्या कुंपणापर्यंत. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. लढाई संपल्यावर प्रेतं जिथे पडली तिथेच पुरली होती. युद्ध संपल्यावर सरकारने माणसं पाठवून शेताशेतांतून उत्तरेचे शोधून काढले आणि दफनभूमीत आणले. काही राहून गेलेच असणार. दर काही वर्षांनी कुठेतरी एखादा सापडायचा. सापडला की झेंड्यात गुंडाळून, बिगूल वाजवून, नेल्डाच्या रांगेत यायचा.

"जर तो सैनिक असेल," रेनर हळू आवाजात म्हणाला, आणि त्याचे डोळे चमकत होते, त्याचा त्याला दोष देता येणार नाही, "तर त्याला त्याच्या माणसांत न्यायला हवं. दीडशे वर्षं तो इथे एकटा पडलाय."

"एकटा?" झेला खुर्चीतून उठली. "पोरा, तुला इथे येऊन दोन वर्षं झाली नाहीत. दर वर्षी मी त्याच्यावर शिंपले घालते. माझ्या आजीने घातले. तिला तिच्या सासूने सांगितलं होतं, केझायाने. एकटा म्हणे!"

"आजी, तुमची परवानगी असल्याशिवाय मी काहीही उघडणार नाही."

"मग झालं तर. नाही."

"आत्या," नेल्डा म्हणाली.

ती का बोलली ते तिलाही कळलं नाही. पण वीस वर्षं तिने त्या आकड्यांवरची धूळ पुसली होती. कधीकधी, विशेषतः हिवाळ्यात कुणी नसताना, एखाद्या आकड्यापुढे गुडघे टेकून ती विचार करायची की याच्या घरी संध्याकाळी जेवताना कोण त्याची जागा राखून ठेवत असेल. आणि आता तिच्याच माणसांच्या मधोमध एक निघाला होता, आणि ती दर वर्षी त्याच्यावरून खोरं ओढत आली होती. तिला जाणून घ्यायचं होतं. दात ठणकावा तसं तिला ते ठणकत होतं.

"आत्या, तुला नाही का वाटत कळावंसं?"

"काय कळायचंय? आजी म्हणायची बाळ. मी म्हणते बाळ."

"पण खड्डा—"

"मला खड्ड्याचं नको सांगूस! आठ वर्षांची असताना मी याचा ढीग जरा लांब केला होता. माती उरली होती म्हणून. आजीने दांड्याने पाठ सोलून काढली माझी. मग स्वतः वाकून पायाकडची माती झाडूने सारखी केली, ढीग परत आखूड केला, आणि उभी राहून रस्त्याकडे बघत राहिली. जेवायलासुद्धा बसली नाही त्या दिवशी. एवढी शिस्त होती तेव्हा. आता कुणीही उठतं आणि..."

तिचं वाक्य तिथेच राहिलं. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं असावं. ब्रॉकवे यंत्राच्या पडद्याकडे बघायचं नाटक करू लागल्या.

"तुझ्या आजीला माहीत होतं," नेल्डा म्हणाली.

झेला खाली बसली. "मला नाही कळत," ती म्हणाली, आणि हा शब्दप्रयोग नेल्डाने तिच्या तोंडून पूर्वी ऐकला नव्हता. "मला वाटायचं, लहान मूल आहे म्हणून लहान ढीग. दुसरं काय वाटणार?"

"हवं तर विचार करा," रेनर म्हणाला. "घाई नाही."

"घाई कशी नाही? परवा माणसं जेवायला येणार आहेत." झेलाने काठी नेल्डाकडे रोखली. "माझ्यानंतर इथलं हिलाच बघायचंय. हिलाच विचारा. हिला फार आवडतं परवानगी घ्यायला."

अशा रीतीने ते नेल्डाच्या गळ्यात पडलं. वीस वर्षांत या रणभूमीवरचं कुठलं काम शेवटी तिच्या गळ्यात पडलं नव्हतं?

ती ब्रॉकवेंकडे वळली. "उघडलं तर नाव मिळेल?"

"नाव नाही. बटणं राहिली असतील तर कुठल्या बाजूचा ते कळेल. बटणं नसली तर तेही नाही. कदाचित सैनिक नसेलच. तुमच्याच घरातला कुणी असेल."

"आणि उत्तरेचा निघाला तर?"

"तर दफनभूमीत," रेनर म्हणाला. "पूर्ण सन्मानाने."

"चौकोनी दगड. आकडा."

"अं... हो. नाव नसल्यावर."

"आणि दक्षिणेचा निघाला तर?"

रेनर बुटाला लागलेली माती झटकू लागला. दक्षिणेच्यांना त्या दफनभूमीत जागा नव्हती. तेव्हाही नव्हती, आताही नव्हती.

"म्हणजे तुम्ही त्याला बाहेर काढणार, बटणं बघणार, आणि चुकीची निघाली तर परत आम्हालाच देणार?"

"तसं नाही नेल्डा, काहीतरी वेगळी व्यवस्था—"

नेल्डाने हात वर केला. तिच्या डोक्यात एकाच वेळी फार गोष्टी होत्या. आत्याचं 'मला नाही कळत', आखूड केलेला ढीग, ओहायोची रडणारी बाई. आणि रांगेच्या शेवटी एक नवा चौकोनी दगड, वीतभर उंच, ज्याच्यावर प्लास्टिकची फुलं नकोत, शिंपले नकोत, आणि ज्याला ड्वेन पहिल्याच आठवड्यात यंत्र धडकवणार.

"नाही," ती म्हणाली. "राहू दे. माझ्याकडे सरळ करायला आहेत तेवढे दगड पुष्कळ झाले."

रेनरचा चेहरा पडला, पण त्याने वाद घातला नाही. ब्रॉकवेंनी निशाण्या उपटून खिशात घातल्या आणि रविवारी स्वतः हजर राहायचं कबूल केलं. गवत उचला, वरची चार बोटं माती खरवडा, त्याखाली जाऊ नका, मी उभी आहे.

रविवारी त्या उभ्या होत्या, हातात चिकनची तंगडी घेऊन. पर्लच्या नातवाने त्यांना चार अंडी वाढली होती. ड्वेनने गवत गुंडाळून ट्रकमध्ये टाकलं. त्याला कुणीही चहा विचारला नाही, म्हणून त्याने स्वतःच घेतला. रेनरही आला, कडक इस्त्रीच्या गणवेशात. झेलाने त्याच्या हातात खोरं दिलं.

"वाळवंटातला आहेस ना? मग तुला उघडी माती सवयीची असेल. तिकडून सुरू कर, क्लीटसकाकापासून. आणि ढीग बैलाच्या पाठीसारखा हवा, म्हशीच्या नको."

बाळ नेल्डाने स्वतःकडे ठेवलं होतं. तिने गवत काढलं, माती खरवडली, आणि मग खोरं हातात धरून थांबली. आता किती लांब? इतकी वर्षं हा प्रश्न कधी पडला नव्हता. लांब केला तर सगळ्यांना दिसेल. आखूड केला तर त्याच्या पायांवर काहीच नाही. हात काम विसरल्यासारखे झाले होते. शेजारी खोऱ्यांचे आवाज थांबले आहेत आणि सगळे मुद्दाम दुसरीकडे बघताहेत, हे तिला पाठीमागूनही कळत होतं, आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

"काय बघताय? पुडिंग संपलं का?"

मग तिने माती ओढली. हातभर. नेहमीसारखी. झाडूने वरून सारखी केली. पायाकडची सपाट जागाही झाडूने सारखी केली, थोडी जास्त वेळ. शिंपले मांडले. एक शिंपला तिने सपाट जागेवर ठेवला, लांब, जिथे ब्रॉकवेंनी पहिली निशाणी रोवली होती तिथे. झेलाने ते पाहिलं. तिने तो काठीने मागे सारला नाही.

जेवण झालं. माणसं पांगली. नेल्डा आत्याच्या खुर्चीशेजारी गवताच्या शेवटच्या वळकटीवर बसली. खाली रस्ता दिसत होता, दफनभूमीच्या दारापासून ओढ्यापर्यंत, आणि त्यावर कुणीही नव्हतं. झेलाच्या हातात पुडिंगची वाटी होती आणि डोळे मिटत होते.

"आत्या, झोपू नकोस. एकच सांग."

"काय गं आता?"

"त्या दिवशी. तुला मारल्यावर. लढाई होऊन तेव्हा सत्तर वर्षं उलटली होती. शोधणारी माणसं कधीच मरून गेली होती. मग ढीग आखूड करून तुझी आजी रस्त्याकडे बघत कशी उभी होती? कुणीतरी त्याला न्यायला येईल म्हणून घाबरून, की कुणीतरी यावं म्हणून?"